भुवईवरची खूण

मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. तरी शेवगावच्या बाजारात कुणालाही विचारा, 'फोटोवाल्या बाई कुठं राहतात', तो तुम्हाला माझ्या दारात आणून सोडेल. फोटो काढायचे आमचे हे. मी पडद्यामागच्या खोलीत बसून ते साफ करायचे. बत्तीस वर्षं हेच काम केलं. तालुक्यातले किती चेहरे माझ्या हाताखालून गेले याची मोजदाद नाही. अजूनही एस.टी.त समोर कुणी बसलं की माझी नजर आधी त्याच्या गालावरच्या डागावर जाते, मग माणसावर.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्यांनी फोन केला, ते म्हणाले, "बाई, गमतीजमती येऊ द्या. स्टुडिओत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली असतील." आली ना. एकदोन सांगतेही. पण मला सांगायचंय ते स्टुडिओ बंद झाल्यानंतरचं, एका शाळेतल्या बारा पोरांना मी फोटो साफ करायला शिकवलं त्याचं, आणि त्यातल्या एका पोरीचं मी जे नुकसान केलं त्याचं. ते वाचून दिवाळीत कुणाला बरं वाटणार नाही. छापायचं नसेल तर कागद परत पाठवा, मी रागावणार नाही.

आधी धंदा समजून घ्या. मी लग्न करून आले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. फोटोची नेगेटिव्ह एका तिरक्या काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक ठिपके देत बसायचं. नेगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं फिका दिसतो, त्यावर पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा होतो. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, सगळं मी असं घालवलं. हात चुकला तर नेगेटिव्ह धुवायची. पेन्सिल निघून जायची आणि माणूस होता तसा परत यायचा. शिवाय प्रत्येक नेगेटिव्ह नंबर घालून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे आमचे हे. ही डब्याची गोष्ट लक्षात असू द्या.

मग कॉम्प्युटर आला आणि माझं राज्यच आलं. पेन्सिलीला तास लागायचा ते काम माऊसवर पाच मिनिटांत व्हायला लागलं. फोटोत शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर टेकवायची, एवढंच ते तंत्र. नगरला जाऊन मी आठ दिवसांत शिकून आले. (बोर्डावर अहिल्यानगर झालं तरी तिकीट काढताना तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या.) लग्नाच्या पोरींचे फोटो तर माझ्याशिवाय कुणाकडे जायचेच नाहीत. पोरीची आई पडद्याआड येऊन हळूच म्हणायची, "बाई, जरा उजळ करा, पन कळून येऊ देऊ नका." मग मी रंग दोन पायऱ्या चढवायचे. एकदा हात सैल सुटला आणि मुलाकडची माणसं चहा पिऊन झाल्यावर विचारायला लागली की फोटोतली मुलगी कुठाय. तेव्हापासून मी माप ठरवून घेतलं, बघायला येणाऱ्यांनी ओळखावं इतपतच उजळ. या मापाचा मला फार अभिमान होता.

एक गृहस्थ आले ते वडिलांचा फोटो घेऊन. वडील जिवंत असेपर्यंत फोटो काढायचं राहून गेलं, म्हणून गेल्यावर त्यांना खुर्चीत टेकवून, फेटा बांधून काढलेला. डोळे अर्थातच मिटलेले. म्हणाले, "बाई, तेवढे डोळे उघडा." मी विचारलं, डोळे कसे होते? म्हणाले, "माझ्यासारखेच की." मग मी त्यांनाच स्टुलावर बसवलं, ह्यांनी फोटो काढला आणि त्यांचेच डोळे उचलून वडिलांना बसवले. काम इतकं बेमालूम झालं की मी त्याची एक प्रत स्वतःसाठी छापून ठेवली. आठ-दहा दिवसांनी गृहस्थ परत आले. फ्रेम पिशवीत होती. म्हणाले, "बाई, काम झ्याक हाय, तक्रार न्हाई. पन भितीवरून बाप बघतोय का मीच बघतोय, काई कळंना झालंय. घरात बसवंना." आम्ही दोघं नवराबायको या गोष्टीवर कितीतरी वर्षं हसलो. आता मला हसू येत नाही.

पुढं सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला. लोक स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटोला यायला लागले, मग त्यालाही येईनात. आम्ही गाळा सोडला. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. ह्यांचे गुडघे गेले, ते दिवसभर ओट्यावर बसून असतात. माझे हात मात्र शाबूत होते, आणि रिकाम्या हातांनी मला घरात चैन पडत नव्हतं.

अशात तालुक्यापासून एस.टी.ने अर्ध्या तासावरच्या एका गावातले हेडमास्तर घरी आले. त्यांच्या शाळेला कुणीतरी सहा कॉम्प्युटर दिले होते आणि ते चादरीखाली झाकून ठेवले होते. म्हणाले, "दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास या. पोरांच्या हातात काहीतरी कसब येऊ द्या." मला तर हेच हवं होतं. पुढच्याच शनिवारी मी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघाले. सहातले चार कॉम्प्युटर चालू झाले. सातवीची बारा पोरं, एकेका कॉम्प्युटरला तिघं.

मी मन लावून शिकवलं, हे सांगायला पाहिजे. पहिल्या शनिवारी उजेड कमी-जास्त करणं, दुसऱ्या शनिवारी फोटो कापणं, तिसऱ्या शनिवारी माणूस कापून मागचं काढून टाकणं. पोरं हुशार होती. शंभू नावाचा एक वात्रट कार्टा होता, त्याने हेडमास्तरांच्या टकलावर दाट केस उगवून दाखवले. हेडमास्तर रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले, तर त्यांनी ते चित्र स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतलं.

आणि चौथ्या शनिवारी डाग काढणं. या दिवशी वर्गात जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. एक टिचकी मारली की डाग गायब! पोरांना वेडच लागलं. त्यांनी गालावरचे तीळ काढले, मामाच्या मिशा काढल्या, फोटोत मागं आलेली शेळी काढली, विजेचा खांब काढला. दोन बहिणींचं घरी भांडण झालं होतं, त्यातल्या मोठीने धाकटीलाच काढून टाकलं. "बाई, दिसती का ती कुठं?" असं विचारून सगळी खिदळत होती. मीही हसत होते. मी बत्तीस वर्षं जे केलं ते या पोरांना दोन तासांत आलं, याचं मला कौतुक वाटत होतं.

मी त्यांना तीन नियम वहीत लिहून दिले होते. एक, फोनमधून फोटो घेताना कट करून, म्हणजे तिथून उचलूनच घ्यायचा, नुसता कॉपी नाही, कारण घरच्यांच्या फोनमध्ये जागा नसते आणि मग ओरडा बसतो. दोन, काम त्याच फोटोवर करायचं, दहा प्रती करायच्या नाहीत, शाळेचं मशीन जुनं आहे, दमतं. तीन, काम झालं की सेव्ह करून बंद करायचं. पोरं हे तीन नियम पाढ्यासारखे म्हणायची. हे माझ्या स्टुडिओतले नियम होते. आम्हीही असंच करायचो. गिऱ्हाइकाला साफ केलेला फोटो हवा असतो, डागाचा फोटो कोण परत मागतं? नेगेटिव्हचे डबे बंद झाले त्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यांची आठवणही मला राहिली नव्हती.

त्या बारा जणांत करुणा होती. तेरा वर्षांची, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. वर्गात सगळ्यांत नीटस हात तिचा. बाकीची पोरं दंगा करायची तेव्हा ही एकटी मशीनजवळ उभी राहून दुसऱ्याचं काम बघायची. पाचव्या शनिवारी ती वडिलांचा मोबाईल रुमालात गुंडाळून घेऊन आली.

"बाई, ह्यात माझ्या आईचा फोटू हाय," ती म्हणाली. "आईला जाऊन दोन वर्षं व्हतील. पुण्यानुमोदनाला तिचा मोठा फोटू करायचाय. मी करू का? तुमी नुसतं बघा."

आईचं नाव रंजना. तापात गेली होती. करुणाचे वडील दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, पहाटे जायचे ते दुपार कलल्यावर यायचे. घरात करुणा, तिचा सहा वर्षांचा भाऊ सिद्धू आणि आईची आई, म्हणजे या पोरांची आजी. गेल्या दोन वर्षांत घरात रंजनाचा फोटो लागलाच नव्हता, कारण लावण्यासारखा कुणाला सापडला नव्हता. हा फोटो करुणानेच काढलेला होता, दहा-अकरा वर्षांची असताना. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली आणि पोरगी फोन घेऊन समोर उभी राहिली म्हणून तिने वर बघितलेलं, तोंड अर्धवट हसरं. "'काय काढतीस गं माझं, चूल पेटवायची राह्यलीय,' असं म्हनली हुती ती तवा," करुणाने सांगितलं.

तिने माझ्या नियमाप्रमाणे फोटो कट करून घेतला. उंबरा कापला, मेथी कापली, मागं निळा रंग दिला. मग आईचा चेहरा मोठा करून डाग काढायला बसली. मी शेजारच्या मशीनवर होते. शंभूने त्याच्या काकाचं तोंड ओढून लांबडं केलं होतं आणि ते परत जागेवर येत नव्हतं, म्हणून मी वैतागले होते.

"बाई," करुणाने हाक मारली. "हे पन काढू?"

मी तिच्या पडद्याकडे एक नजर टाकली असेल. टाकली असेलच, कारण नंतर आठवायला बसले तेव्हा मला भुवईच्या वरच्या अंगाला काहीतरी फिकट रेघ असल्याचं अंधुक आठवत होतं. मी म्हणाले, "हो गं. ठिपका, डाग, चट्टा, सगळं काढ. माणूस स्वच्छ दिसलं पाहिजे."

ती थोडा वेळ तशीच बसली. मग तिने माऊस दाबला.

तास संपताना मी तिचं काम बघितलं आणि थक्क झाले. कुठं ठिगळ दिसत नव्हतं, कुठं कातडीचा रंग तुटला नव्हता. मी बाराही पोरांना बोलावून ते काम दाखवलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि शेवटचा हात म्हणून स्वतः माऊस घेऊन रंजनाचा रंग दोन पायऱ्या उजळ केला. सवयच ती. मग करुणाने तिसऱ्या नियमाप्रमाणे सेव्ह केलं आणि बंद केलं. फोटो मी पेनड्राइव्हवर घेऊन शेवगावात मोठा छापला, जाड काचेची फ्रेम केली आणि सहाव्या शनिवारी तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. एस.टी.त बसल्यावर मला वाटलं की चला, आयुष्यात एवढं एक तरी चांगलं शिकवलं.

महिनाभराने पुण्यानुमोदनाला, म्हणजे रंजनाच्या स्मृतिदिनाला, त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. मी पांढरी साडी नेसून गेले. घरासमोर छोटा मांडव, आत बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं, आणि शेजारी माझी फ्रेम. फोटो करणाऱ्या बाई म्हणून मला पुढची खुर्ची दिली. बुद्धवंदना झाली. लोक येत होते, फुलं वाहत होते आणि फोटो बघून म्हणत होते, "लई भारी आलाय," "हिरोईनवानी दिसती रंजना." मी मान खाली घालून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, आतून सुखावत होते.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांत थेंब घालायचे म्हणून ती तोवर आत अंधारात बसलेली होती. करुणाने तिला हाताला धरून बाहेर आणलं. आजीने चष्मा नीट केला, फ्रेमजवळ गेली आणि वाकून बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मग काचेवर, भुवयांच्या वरून, अंगठा फिरवला.

"बाई, फोटू चांगला हाय," ती माझ्याकडे वळून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पन माझ्या रंजीला हितं खोक हुती. ही कोन हाय?"

सिद्धू पुढं आला आणि आजीचा पदर ओढून म्हणाला, "आगं आजे, आईच हाय की ती. बघ की, किती गोरी झालीय."

मी करुणाकडे बघितलं. ती फ्रेमकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती.

ती खोक कशाची, हे मला जेवणं झाल्यावर आजीनेच सांगितलं. करुणा वर्षाची असेल नसेल. रंजना तिला कडेवर घेऊन हापशावर पाणी भरत होती. हापशाचा दांडा सुटला आणि उसळून वर आला. पोरीच्या डोक्याला बसायचा, तर रंजनाने तोंड मधे घातलं. भुवईच्या वर टाके पडले. "दवाखान्यात रक्तानं सगळं पातळ भरलं हुतं, आन् ती मला म्हनती, आई, पोरीला लागलं का बघ," आजी म्हणाली.

करुणा भांडी आवरत होती. ती हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "झोपताना मी तितं बोट फिरवायची. बोट फिरवल्याबिगर मला झोपच येत नव्हती."

"मग काढलीस कशाला गं बाय?" आजीने विचारलं.

"बाई म्हनल्या, मानूस स्वच्छ दिसलं पायजे."

मी तिथल्या तिथं सांगितलं की काळजी करू नका, खोक परत आणते. सांगतानाच माझे तीन नियम मला एकेक करून आठवायला लागले. फोनमधला फोटो कट केलेला, म्हणजे फोनमध्ये नाही. काम त्याच फोटोवर केलेलं, म्हणजे मूळ शिल्लक नाही. सेव्ह करून बंद केलेलं, म्हणजे मागं फिरता येत नाही. करुणाने तो फोटो दुसऱ्या कुणाला पाठवला होता का? नव्हता. तिने आईचा फोटो पाठवायचा तरी कुणाला?

हेडमास्तरांना विचारून मी तो कॉम्प्युटर एस.टी.त घालून नगरला नेला. पुसलेलं परत काढून देणारा एक मुलगा तिथं आहे. त्याने दिवसभर खटपट केली. मधल्या दिवसांत माझ्याच पोरांनी त्या मशीनवर शेकडो फोटो टाकले आणि पुसले होते. त्याने जे काही वर काढलं त्यात शंभूचा लांबड्या तोंडाचा काका होता, शेळी होती, टकलावर केस उगवलेले हेडमास्तर होते. रंजना नव्हती. "त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय, मावशी," तो म्हणाला. "आता नाही येणार."

मग आम्ही रंजनाचे दुसरे फोटो शोधले. तीन मिळाले. पहिला आधार कार्डावरचा. तो तुम्हाला माहीतच आहे कसा असतो, नखाएवढा आणि काळा. तो कितीही मोठा केला तरी भुवया कुठं आहेत हेसुद्धा कळत नव्हतं. दुसरा शेजारच्या पोरीने काढलेला सेल्फी. त्यात रंजना कोपऱ्यात नीट दिसते, पण तो फोन फोटो काढतानाच चेहरे गुळगुळीत करणारा. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, फोनने आपणहून खोक पुसलेली. जे शिकायला माझी उमर गेली आणि जे शिकवायला मी दर शनिवारी डबा घेऊन जात होते, ते हे यंत्र न सांगता सगळ्यांचं करत होतं. माझ्या शिकवण्याची कुणाला गरज नव्हती. त्यातून फक्त हे नुकसान झालं.

तिसरा फोटो लग्नाआधीचा, मुलाकडे दाखवायला काढलेला, आजीच्या ट्रंकेच्या तळाशी विसरून राहिला होता. मी तो हातात घेतला आणि उलटा केला. मागं आमच्या स्टुडिओचा शिक्का होता. तेव्हा खोक पडायची होती, पण रंगावर माझा हात फिरलेला होता. दोन पायऱ्या. म्हणजे या बाईला मी दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा तिला घालवून दुसरीच कुणीतरी छापली होती.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डबे होते तोवर बरं होतं." एवढंच. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता एकच राहिलं होतं, खोक हाताने परत काढणं. ते अवघड नाही. मला येतं. फिकट रेघ, तिच्या दोन्ही अंगांना टाक्यांचे बारीक ठिपके, जरा चमक. पण ती कुठं काढायची? मी करुणाच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, उजव्या भुवईवर. मग थांबले. "म्हंजी माझ्या समोर बसली की माझ्या उजव्या हाताला. का तिच्या उजव्या? थांबा बाई, गाडी चालवतोय, सांजच्याला सांगतो." संध्याकाळी म्हणाले, डावीकडं असावी. आजी ठामपणे म्हणाली, डावीकडंच. मी म्हटलं, आजी, हात लावून दाखवा. तिने स्वतःच्या उजव्या भुवईला हात लावला, मग तो खाली घेतला आणि रडायला लागली. दवाखान्याचा कागद कुणी जपून ठेवला नव्हता.

आणि मी? तो मूळ फोटो मी त्या दिवशी पडद्यावर हातभर मोठा बघितलेला होता. मी तालुक्यातले चेहरे ओळखते, असा माझा तोरा. मी डोळे मिटून किती वेळा आठवायचा प्रयत्न केला. मला मेथीची जुडी आठवते. उंबऱ्याला लावलेला पिवळा रंग आठवतो. खोक कुठल्या बाजूला होती ते आठवत नाही. कारण मी ती बघितलीच नव्हती. मी फक्त पुसायची जागा बघितली. बत्तीस वर्षं मी चेहऱ्यांकडे असंच बघत आले असणार, आणि बारा पोरांना मी तसंच बघायला शिकवलं. या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पुढच्या शनिवारी मी वर्गाला सुट्टी दिली आणि एकट्या करुणाला थांबवून घेतलं. पोरं मैदानावर पळाली. त्यांचा गलका खिडकीतून येत होता. मी तिच्या आईचा फोटो उघडला. निळ्या रंगावर तो गोरा, स्वच्छ चेहरा. माऊस तिच्या हातात दिला.

"मला नाही आठवत, करुणा," मी म्हणाले. "वडिलांनाही नाही सांगता येत. पण तू रोज तिथं बोट फिरवायचीस. तूच काढ. पुसायला मी शिकवलं, आता काढायलाही शिकवते."

तिने माऊस एका भुवईवर नेला. थांबली. दुसऱ्या भुवईवर नेला. परत पहिल्या भुवईवर आणला. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"पडद्याकडं बघू नकोस," मी म्हणाले. "डोळे मीट. आई शेजारी झोपलीय असं समज. आणि नेहमीसारखं बोट फिरव."

तिने डोळे मिटले. कुशीवर झोपल्यावर करतात तशी मान जरा कलती केली. मग उजवा हात वर उचलला, पहिलं बोट पुढं केलं आणि हवेतच हळूहळू फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं. मी तिच्या बोटाकडे बघत होते आणि ते कुठंतरी अडेल, थांबेल म्हणून वाट बघत होते.

"बाई," ती डोळे न उघडता म्हणाली, "सगळं गुळगुळीतच लागतंय."